भोक न पाडता बघावे

भाड्याच्या घरात पहिला कॅमेरा एजंट घेऊन येतो. लॅपटॉपला वायरने लोंबणारा छोटा वेबकॅम आणि शेजारी अंगठा घ्यायचं यंत्र. थंबवाला येणार म्हणून घरमालक आणि भाडेकरू दोघेही इस्त्रीचे कपडे घालून बसलेले असतात. तरी फोटो असा निघतो, की दोघांपैकी कुणालाच कुणी घर देऊ नये. "काका, इकडे बघा. हलू नका. ताई, चष्मा काढा. अंगठा दाबा... नाही आला, पुसून परत दाबा." घर काकांचं, आणि अंगठा नेमका काकांचाच नाकारला जातो. शेवटी बोट बदलल्यावर सरकारला पटतं, की काका हे काकाच आहेत.

हा सोहळा टाळता येत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार करार लेखी हवा, नोंदवलेला हवा आणि नोंदवून घेण्याची जबाबदारी मालकाची. कुचराई केली तर तीन महिन्यांपर्यंत कैद, पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जबाबदारी मालकाची, हे कलमात आहे. खर्च कुणाचा, हे एजंट तोंडी सांगतो. त्याच कलमात आणखी एक गंमत आहे. करार नोंदवलेलाच नसेल, तर अटी काय ठरल्या होत्या याबद्दल भाडेकरू जे म्हणेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरं धरायचं. भाडेकरूचं म्हणणं खरं धरणारी ही महाराष्ट्रातली एकमेव जागा असावी. तिथे तो पोहोचू नये म्हणूनच काका एवढ्या निष्ठेने अंगठा पुसत असतात.

बरं, करार असतो तो 'लिव्ह अँड लायसन्स'चा. त्याचं मूळ १८८२ च्या ईझमेंट्स कायद्यात, कलम ५२ मध्ये. दुसऱ्याच्या मालमत्तेत काही करायची परवानगी मिळते, मालमत्तेत हक्क मात्र कसलाही नाही. इंग्रजांनी लिहून ठेवलेल्या या परवानगीवर आज कर्वेनगर, वाकड आणि ठाण्याचा अख्खा घोडबंदर रोड स्वयंपाक करतो, मुलं शाळेत धाडतो आणि गणपती बसवतो. घरात भाडेकरूच्या हक्काची गोष्ट एकच, डिपॉझिट. ते मालकाकडे असतं.

छापील मसुद्यात कॅमेऱ्याचं नाव कुठे येत नाही. पण दोन अटी अशा असतात, की कॅमेरा बरोबर त्यांच्या मध्ये सापडतो. पहिली : मालकाच्या लेखी परवानगीवाचून घराच्या रचनेत, आतून किंवा बाहेरून, फेरफार करायचा नाही. दुसरी : वाजवी सूचना देऊन, वाजवी अंतराने मालक किंवा त्याचा माणूस येऊन घर पाहू शकतो. थोडक्यात, बघायचं मालकाने आणि भोक भाडेकरूने पाडायचं नाही.

भोक हा मराठी घरमालकाचा हळवा विषय आहे. छत गळलं तर "पावसाळ्यात होतंच थोडंफार". बाथरूमचा नळ बंद होत नसेल तर "जरा जोर लावायचा". पण भिंतीत नवं भोक दिसलं, की हाच माणूस त्यात बोट घालून खोली मोजतो. मागच्या भाडेकरूने कधीतरी ठोकलेला एक खिळा प्रत्येक घरात असतो, आणि नव्या बिऱ्हाडाचं कालनिर्णय कुठे लागणार हे तो खिळा ठरवतो. एका घरात तो संडासाच्या दाराशेजारी होता. त्या घरातली माणसं एकादशी कधी आहे हे फार वेळ लावून सांगत.

त्यामुळे भाडेकरूचा कॅमेरा भिंतीवर नसतो, तो कशावर तरी टेकलेला असतो. वाय-फायवर चालणारे, पोटात मेमरी कार्ड ठेवणारे, मान फिरवणारे घरगुती कॅमेरे आता दोन-तीन हजारांत मिळतात. त्यांना भोक लागत नाही, सॉकेट लागतं. आणि हॉलमध्ये मोकळं सॉकेट म्हणजे टीव्हीमागचं एकच. म्हणजे आपल्या घराची सुरक्षा कोणत्या कोनातून व्हावी, हे बिल्डरच्या इलेक्ट्रिशियनने इमारत बांधतानाच ठरवून टाकलेलं असतं. तिथून दिसतं काय, तर समोरची भिंत आणि मालकाने आपलं सामान भरून कुलूप लावलेली खोली. अकरा महिने मालकाच्या जुन्या गाद्यांचं भाडेकरूच्या खर्चाने चित्रीकरण होत राहतं.

स्क्रू नको म्हणून दोन्हीकडून चिकटणारी टेप लावावी, तर काढताना ती रंगाचा पापुद्रा घेऊन उतरते. भोकात पुट्टी भरता येते. पापुद्र्याला अख्खी भिंत रंगवावी लागते, कारण "ती शेड आता येत नाही". त्यापेक्षा दाराचं भिंग काढून त्याच भोकात बसणारा कॅमेरा घ्यावा. भोक आधीच मालकाने पाडलेलं असतं. जुनं भिंग डबीत जपायचं आणि जाताना परत बसवायचं. मला विचाराल तर भाडेकरूसाठी याहून शहाणी वस्तू बाजारात नाही. म्हणूनच बहुधा ती फारसं कुणी घेत नाही.

माझ्या भाच्याने तरी घेतली नाही. तो कर्वेनगरात भाड्याने राहतो. दाराबाहेर ठेवलेले त्याचे धावायचे बूट गेले. तो एकदाच धावला होता, त्यामुळे बूट कोरे होते आणि दुःख मोठं होतं.

"मामा, कॅमेरा लावतोय."

"काकांना विचारलंस?"

"मेसेज टाकलाय. दाराच्या वर, दोन स्क्रू."

"मग?"

"त्यांनी नमस्काराचे हात पाठवलेत."

आता हे हात म्हणजे परवानगी, नकार, की सकाळचा नमस्कार? करारात 'लेखी परवानगी' असं म्हटलंय, आणि हात जोडलेलं चित्र लेखी आहे की नाही यावर माझ्या माहितीतला एक वकील पाऊण तास बोलला. फी घेतली नाही, एवढंच समाधान. शेवटी भाच्याने नीट विचारलं तेव्हा काकांचं उत्तर आलं : "ठीक. दोनच स्क्रू. तिसरा नको. जाताना भिंत पूर्ववत." मेसेज जपून ठेव म्हटलं. घरमालकाचा लेखी होकार ही भाडेकरूच्या आयुष्यातली दुर्मीळ चीज आहे.

मला वाटलं, प्रश्न मिटला. पण दारापाशी काकांचं राज्य संपतं आणि दाराबाहेर सोसायटीचं सुरू होतं. पॅसेज सामाईक असतो. तिथे समोरच्यांचा चपलांचा स्टँड चालतो, मोडकी सायकल चालते, तुळशीची कुंडी तर चालतेच. भाडेकरूचा कॅमेरा मात्र सामाईक जागेवर अतिक्रमण ठरतो. अर्ज मालकाने करायचा, कारण भाडेकरू सभासद नसतो. त्याला सर्वसाधारण सभेत बसता येत नाही. फ्लॅट भाड्याने दिला म्हणून सोसायटी मालकाकडून सेवाशुल्कावर बिनभोगवटा शुल्क घेते. २००१ पासून शासनाने त्याला दहा टक्क्यांची मर्यादा घातली आहे, आणि हे शुल्क मालक भाड्यात केव्हाच मिळवून घेतो. म्हणजे भाडेकरू सोसायटीला पैसे देतो ते आपण तिथे राहत नाही असं समजण्याचे.

आणि बघितलं कुणाला जातं, तर याच न राहणाऱ्या माणसाला. पोलिसांच्या भाडेकरू पडताळणीत त्याचा फोटो, आधार, ऑफिसचा पत्ता आणि ओळख सांगणारे दोघे असतात. सोसायटीच्या फॉर्मात गाडीचा नंबर आणि घरात किती माणसं, हे असतं. वॉचमनच्या वहीत त्याचे पाहुणे, त्यांची येण्याची वेळ आणि जाण्याची वेळ असते. दुसरी न लिहिली गेल्यास वॉचमन स्वतः वर येऊन चौकशी करतो. खाली काका राहत असतील, तर दिवे किती वाजता विझले याचीही नोंद असते. एवढ्या सगळ्यांचं बघून झाल्यावर भाडेकरूला वाटतं, आपणही आपल्या दारापुरतं थोडं बघावं. आणि त्या क्षणी अख्ख्या इमारतीला प्रायव्हसी आठवते.

सर्वांत आधी ती समोरच्या काकूंना आठवली. "आमच्याकडे कोण येतं, कोण जातं, हे सगळं तुमच्या मोबाइलमध्ये जाणार का रे?" वास्तविक भाच्याकडे कोण येतं आणि कोण जातं हे काकूंच्या स्मरणात गेली दोन वर्षं जातंय. आपण लिफ्टमधून बाहेर पडलो की समोरच्या दाराच्या भिंगातला उजेड विझतो. म्हणजे काकू आल्या. आपण दार लावलं की उजेड परत येतो. पण भिंग काकूंचं, दार काकूंचं, नजर काकूंची. त्यात मेमरी कार्ड नाही, हा त्यांचा मुद्दा. आणि तो मुद्दा बरोबर आहे! सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. तो हक्क प्रामुख्याने सरकारविरुद्ध सांगायचा असतो हे खरं, पण काकूंना ते कुणी सांगायचं? शिवाय हे कॅमेरे नुसतं बघत नाहीत, ऐकतातही. काकू पॅसेजमध्ये उभ्या राहून धाकट्या बहिणीशी सुनेबद्दल फोनवर बोलत, ते सगळं पहिल्या दोन दिवसांत भाच्याच्या कार्डावर साठलं. भाच्याच्या बायकोने सेटिंगमध्ये जाऊन आवाज बंद केला. बंद करण्याआधी ऐकला का, हे मी विचारलं नाही.

सेक्रेटरी म्हणाले, "सोसायटीचे कॅमेरे आहेत की! मग वेगळा कशाला?" आहेत. गेटवर आहेत, पार्किंगमध्ये आहेत, लिफ्टमध्ये आहेत, आणि लिफ्टमध्ये 'आपण सीसीटीव्हीच्या निगराणीखाली आहात' ही पाटीही आहे. बूट गेले त्या दिवशीचं चित्रण मात्र नाही. डीव्हीआरमधली हार्ड डिस्क भरली की जुनं पुसून नवं लिहिते. भाच्याने अर्ज दिला, अर्ज समितीपुढे गेला, समिती जमेपर्यंत बूट पुसले गेले होते. शिवाय डीव्हीआरचा पासवर्ड आधीच्या सेक्रेटरींकडे, आणि आधीचे सेक्रेटरी भांडून बावधनला राहायला गेलेले. त्यांना फोन करायचा कुणी, हा ठरावाचा विषय होता.

अखेर तोडगा निघाला. कॅमेरा चौकटीच्या आतल्या बाजूला, तोंड खाली, समोरचं दार दिसता कामा नये. सेक्रेटरींनी स्वतः भाच्याच्या मोबाइलमध्ये बघून खात्री केली. काकूंनीही केली, दोनदा. आता त्यात भाच्याचं पायपुसणं दिसतं आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांचे घोट्यापर्यंतचे पाय. चोर परत आलाच तर त्याच्या बुटांवरून ओळखता येईल. बूट अर्थात भाच्याचेच असतील.

चेष्टा सोडली, तर हाच कोन शहाणपणाचा आहे. आपला उंबरठा, आपलं दार, फार तर आपल्या दारापुढची फरशी. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा माणसाने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी केलेल्या वापराला लागू होत नाही, त्यामुळे पायपुसण्याच्या चित्रणासाठी भाच्याला दिल्लीला उत्तर द्यायचं नाही. पण तेच चित्रण 'बघा, कुणाचा कुत्रा हा' म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं, की ते घरगुती उरलं का, यावर वकील आनंदाने भांडतील. आणि ग्रुपवर टाकायचं नसेल तर कॅमेरा घेतला कशाला, असं भांडायला उभे राहणारे आपल्यात कमी नाहीत.

घराच्या आतला कॅमेरा ही आणखी वेगळी कथा. हिंजवडीत मीटिंगमध्ये बसलेल्या माणसाला मोबाइल सांगतो, 'हालचाल आढळली'. तो घाबरून बघतो, तर पंख्याने पडदा हलला. मग परत हालचाल : पाल. मग कबूतर. आठवड्याने तो सूचना बंद करतो, कॅमेऱ्याचे हप्ते मात्र सुरूच राहतात. कामाला येणाऱ्या मावशींना मात्र कॅमेरा आहे हे आधी सांगावं, दाखवावं. लपवून ठेवलेला कॅमेरा त्यांना पहिल्याच दिवशी झाडताना सापडतो आणि मग दुसऱ्या दिवशी त्या सापडत नाहीत. भाच्याच्या बायकोने घरातल्या कॅमेऱ्याबद्दल मावशींना आधीच सांगितलं. पहिले दोन दिवस मावशींनी डोक्यावर पदर घेऊन फरशी पुसली. तिसऱ्या दिवशी त्यांना कळलं, की यातून पलीकडे बोलताही येतं. तेव्हापासून त्या थेट कॅमेऱ्यासमोर उभ्या राहून सांगतात : "ताई, साबण संपलाय. उद्या मी येणार नाही. आणि तो दुधाचा टोप तुम्ही रात्रीच भिजत घालत जा." घरातल्या कुणालाही त्या यंत्राचा एवढा नेमका उपयोग जमलेला नाही.

तीन-चार मुलं मिळून फ्लॅट घेतात तिथे पेच अवघड होतो. हॉलमध्ये कॅमेरा लावून दूध कोण संपवतं हे शोधायची कल्पना प्रत्येक फ्लॅटमध्ये एकाला तरी सुचतेच, आणि दूध बहुधा तोच संपवत असतो. यावर आता वरच्या कोर्टाचं मतही हाताशी आहे. कोलकात्यातल्या एका घरात दोन भावांचं कॅमेऱ्यांवरूनच बिनसलं. कलकत्ता उच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०२५ मध्ये सांगितलं, की बरोबर राहणाऱ्याच्या संमतीशिवाय राहत्या भागात कॅमेरे चालू ठेवता येणार नाहीत. मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यात हात घालायला नकार दिला. सख्ख्या भावाला जिथे परवानगी लागते, तिथे ओएलएक्सवरून मिळालेल्या रूममेटचं काय घेऊन बसलात?

आणि मालकाने कॅमेरा लावला तर? यात एक जात परदेशस्थ काकांची. फ्लॅट बाणेरला, काका न्यू जर्सीत एडिसनला. "तुमच्याच सेफ्टीसाठी हॉलमध्ये एक बसवून ठेवलाय हां," असं ते व्हिडिओ कॉलवर मायेने सांगतात. त्यांच्या सकाळच्या चहाला इथली संध्याकाळ असते. मग फोन : "नाही, मुद्दाम नाही बघत, सहज दिसलं. सोफ्यावर ओला टॉवेल आहे वाटतं." अशा काकांना करारातली दुसरी अट वाचून दाखवावी. वाजवी सूचना, वाजवी अंतराने. चोवीस तास हे कोणत्याही गणिताने वाजवी अंतर होत नाही. राहतं घर भाड्याने दिलं की त्याच्या आत मालकाचा डोळा नको. गोडीने सांगून काढून घ्यायला लावावा, आणि तोवर त्याचा प्लग ओढायला लेखी परवानगी लागत नाही.

इथे क्षणभर हसू बाजूला ठेवतो. सप्टेंबर २०२४ मध्ये दिल्लीच्या शकरपूर भागात भाड्याने राहणाऱ्या एका मुलीला आपल्या व्हॉट्सअॅपवर कुठलातरी अनोळखी लॅपटॉप जोडलेला दिसला. संशय येऊन तिने घर तपासलं, तर बल्बच्या होल्डरमध्ये कॅमेरे होते, एक बाथरूममध्ये. गावाला जाताना तिने किल्ली घरमालकाच्या मुलाकडे विश्वासाने ठेवली होती. त्याला अटक झाली. याला भारतीय न्याय संहितेचं कलम ७७ आहे, पहिल्या गुन्ह्याला एक ते तीन वर्षं कैद. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई आहे, तीन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. कॅमेरा मालकाचा असो, भाडेकरूचा असो की रूममेटचा, कलमं तीच. बाथरूम आणि झोपायची खोली यांच्याबद्दल वाटाघाटी नसतात. आणि नव्या घरात शिरल्यावर दाराच्या लॅचचा सिलिंडर मालकाला सांगून बदलून घ्यावा. हा सल्ला कॅमेऱ्यापेक्षा स्वस्त आहे आणि कुणी देत नाही.

भाच्याचा करार उन्हाळ्यात संपला. नवं घर वारज्याला मिळालं. काका भिंती बघायला आले. मोबाइलमध्ये प्रत्येक भिंतीचा व्हिडिओ घेत ते पुढे आणि पुरावा असावा म्हणून त्यांचा व्हिडिओ घेत भाचा मागे, अशी फ्लॅटला प्रदक्षिणा झाली. फ्रिजमागचा डाग भाच्याच्या आधीचा निघाला. खिडकीची जाळी भाच्यावर आली. मग काका दारापाशी थांबले, चष्मा वर केला.

"दोनच स्क्रू आहेत ना?"

"दोनच, काका. तुमचा मेसेज आहे माझ्याकडे. काढतो आता आणि पुट्टी भरून देतो."

"काढू नकोस रे. काढलास की भिंत खराब होते. असू दे तो." काकांनी मान वाकडी करून कॅमेऱ्यात बघितलं. "चालतो ना नीट? पासवर्ड तेवढा लिहून दे."

भाच्याने पासवर्ड दिला नाही. कॅमेरा रीसेट करून, मेमरी कार्ड काढून, रिकामा ठेवला. हे मात्र बरोबर केलं. डिपॉझिट पंधरवड्याने आलं. त्यात जाळी वजा होती, रंगकाम वजा होतं, आणि 'भोके २' म्हणून पाचशे रुपये वजा होते.

पुढच्याच आठवड्यात फ्लॅटची जाहिरात आली. वन बीएचके, सेमी फर्निश्ड, फॅमिली प्रेफर्ड, सीसीटीव्हीसह. भाडं दीड हजाराने जास्त.